आकाशातली वाट आधी माणसाची



गाडीवाटेवर दोन वाहने समोरासमोर आली की बांधाला कोणी लागायचे आणि पुढे कोणी जायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. रिकामी गाडी भरल्या गाडीला वाट देते. ही रीत पुस्तकातून आलेली नाही, वहिवाटीतून आली आहे. पण आता आपल्या शिवाराच्या डोक्यावर एक नवी वाट तयार झाली आहे आणि तिची वहिवाट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. ही वाट आकाशातली, आणि तिच्यावरून जाणारे नवे वाहन म्हणजे ड्रोन.

भोर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील आपल्या भोंगवलीचेच पाहा. लग्नाचे, जत्रेचे चित्रीकरण करणारा लहान ड्रोन आता पोराटोरांनाही नवलाचा वाटत नाही. शेजारच्या पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे गावठाणाची मोजणी ड्रोनने करून पाहण्यात आली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावोगावची गावठाणे वरून मोजली जाऊ लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. देशातील १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे आणि किमतीच्या ८० टक्के, पण ८ लाख रुपयांपर्यंत मदत करायची, असे तीत ठरले. म्हणजे ड्रोन उडवणारा कोणी शहरातला साहेबच असेल असे नाही. ती आपल्या घरची लेक असेल, सूनबाई असेल.

म्हणूनच एक गोष्ट घराघरात माहीत असायला हवी. या आकाशात ड्रोन एकटा नाही. त्याच वाटेने माणसे बसलेली विमाने आणि हेलिकॉप्टरेही जातात, आणि कधीकधी ती फार खालून जातात.

खालून कोण जाते?

आपण म्हणतो, विमान तर ढगांच्या वरून जाते, त्याची आपल्या ड्रोनशी गाठ कशी पडणार? मोठ्या प्रवासी विमानांपुरते हे बरेचसे खरे आहे. पण आपल्या जिल्ह्यातच पाहा. बारामतीच्या धावपट्टीवर नवे वैमानिक शिकतात. त्यांची लहान विमाने इंदापूर-बारामतीच्या शिवारांवरून घिरट्या घेतात. २५ जुलै २०२२ रोजी असेच एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले होते. कामशेत आणि पाचगणी येथे पॅराग्लायडिंग चालते. कापडी पंखाखाली लटकलेला माणूस डोंगराच्या कडेने वाऱ्यावर तरंगत जातो. त्याला इंजिन नाही, आवाज नाही.

आणि हेलिकॉप्टरे तर सह्याद्रीच्या या पट्ट्यात नेहमीच ये-जा करतात. पुणे, मुंबई आणि कोकण यांच्यामध्ये घाट आहे, आणि घाटात ढग उतरले की वैमानिकाला खालून वाट शोधावी लागते. २४ ऑगस्ट २०२४ रोजी खराब हवेत मुळशी तालुक्यात पौडजवळ एक हेलिकॉप्टर कोसळले. त्यातले चौघेही वाचले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळच्या धुक्यात बावधनजवळ दुसरे कोसळले आणि तिघांचा जीव गेला. या अपघातांचा ड्रोनशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सांगायचे ते इतकेच, की आपल्या डोंगररांगांत हेलिकॉप्टर खाली येते ते हौसेने नव्हे. त्या वेळी वैमानिकाचे सगळे लक्ष डोंगर, ढग आणि तारा यांच्याकडे असते. अशा वेळी त्याच्यापुढे आणखी एक अडथळा आपण टाकू नये.

शिवाय निवडणुकीची सभा असते, पुढाऱ्यांचा दौरा असतो, पूर येतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुराने वेढले तेव्हा माणसे काढायला हेलिकॉप्टरेच आली होती. असे हेलिकॉप्टर धावपट्टी पाहून उतरत नाही. शाळेचे मैदान, कापणी झालेले रान, मोकळा माळ, जिथे जागा मिळेल तिथे ते उतरते.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्रोन नियम लागू झाले. त्यातले आपल्या कामाचे मुद्दे सोपे आहेत.

पहिला मुद्दा वाटेच्या हक्काचा. माणूस बसलेल्या विमानाचा वाटेवरचा हक्क पहिला. त्याला आडवे येईल अशा रीतीने ड्रोन उडवता येत नाही. ड्रोन लहान असो की मोठा, फवारणीचा असो की चित्रीकरणाचा, हा नियम सर्वांना सारखाच. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवणाऱ्याला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. पण म्हणून वाट देण्यातून त्याची सुटका होत नाही.

दुसरा मुद्दा उंचीचा आणि जागेचा. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र साधारणपणे लाल असते. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटरच्या वर लागते. आपले शिवार कोणत्या रंगात येते, हे सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर पाहता येते. हा नकाशा बदलतो. सभा, दौरा, बंदोबस्त अशा कारणांनी एखादा भाग तात्पुरता, ९६ तासांपर्यंत, लाल ठरवता येतो. तेव्हा काल हिरवे होते म्हणून आज हिरवेच असेल असे धरून चालू नये. पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ नियोजित आहे. तो प्रत्यक्षात चालू झाला तर त्याच्याभोवतीही अशी वर्तुळे पडतील, हेही त्या बाजूच्या शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

इकडे हेलिकॉप्टर-विमानांनीही मोकळ्या रानावर उतरता-चढताना सोडून एरवी ५०० फुटांच्या खाली येऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ड्रोनची कमाल मर्यादा ४०० फूट आणि विमानाची किमान ५०० फूट. दोघांमध्ये अंतर राहिले शंभर फुटांचे. नारळाच्या एका उंच झाडाएवढी ही फट! आणि उतरताना, बचावकार्यात किंवा ढगांखाली तीही उरत नाही.

डोंगराळ मुलखातली मेख

इथे भोर-वेल्ह्याच्या वाचकांनी एक मेख नीट समजून घ्यावी. ड्रोनच्या पडद्यावर जी उंची दिसते ती बहुधा ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची असते. त्याच्या खालच्या जमिनीपासूनची नव्हे. समजा, टेकाडावर उभे राहून आपण ड्रोन १०० मीटर वर नेला आणि तसाच पुढे दरीवर सोडला. टेकाड दरीपेक्षा १५० मीटर उंच असेल, तर ड्रोन आता दरीच्या तळापासून २५० मीटरवर आहे. पडद्यावर मात्र १०० चाच आकडा! आपण समजतो नियमात आहोत, आणि प्रत्यक्षात आपण हेलिकॉप्टरच्या ऐन वाटेवर जाऊन बसलेलो असतो. कारण ढगाळ हवेत हेलिकॉप्टर याच दरीतून, नदीच्या धरेने वाट काढत येते.

वेळ किती मिळतो?

आता थोडा हिशोब करू. तो शाळेतल्या पोरालाही करता येईल.

हेलिकॉप्टर ताशी २०० किलोमीटर वेगाने येत आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. एक किलोमीटर तोडायला त्याला १८ सेकंद पुरतात. आपला ड्रोन १०० मीटर उंचीवर आहे आणि सेकंदाला अडीच मीटर या वेगाने खाली येतो असे समजा. जमिनीवर यायला त्याला ४० सेकंद लागतील. तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर सव्वादोन किलोमीटर पुढे आलेले असते. याचा अर्थ असा, की ते सव्वादोन किलोमीटरच्या पलीकडे असतानाच आपल्याला त्याची चाहूल लागली पाहिजे. नंतर लागून उपयोग नाही.

कानावर भिस्त ठेवावी तर आवाजही उशिरा पोहोचतो. तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. तीन किलोमीटरवरचा आवाज कानी पडायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात, आणि तोपर्यंत हेलिकॉप्टर आणखी अर्धा किलोमीटर जवळ आलेले असते. डोंगरात तर आवाज एका कड्यावर आपटून दुसऱ्याच दिशेने ऐकू येतो. त्यात फवारणीच्या ड्रोनचा स्वतःचा घोंगाट एवढा, की जवळ उभ्या असलेल्या चालकाला शेजारच्याची हाक ऐकू येत नाही.

उलट फवारणीचे काम चालते पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर. तिथून ड्रोन खाली यायला एक-दोन सेकंद पुरे. म्हणून पिकालगत चाललेल्या फवारणीत धोका थोडा. धोका वाढतो तो रान पाहण्यासाठी, चित्रीकरणासाठी किंवा गंमत म्हणून ड्रोन उंच चढवला तेव्हा.

वाट पाहणाऱ्यांनी काय भोगले

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या आकाशात नेमकी टक्कर कशी होईल? पण झाली आहे. २१ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लष्कराच्या एका हेलिकॉप्टरवर लहान ड्रोन आदळला. तेव्हा उंची होती सुमारे ३०० फूट. हेलिकॉप्टर सुखरूप परतले. ड्रोनचा मालक मात्र ड्रोन नजरेआड नेऊन पडद्याकडे पाहत उभा होता, आणि टक्कर झाली हे त्याला तेव्हा कळलेसुद्धा नाही.

दुसरी घटना ९ जानेवारी २०२५ ची. लॉस एंजलिस शहराला वणव्याने घेरले होते. कॅनडाहून आलेले पाणी टाकणारे विमान आगीवर काम करत होते. एका माणसाने आग पाहायला म्हणून ड्रोन उडवला आणि अडीच किलोमीटर लांब पाठवला. तो त्याच्या नजरेआड गेला आणि थेट विमानाच्या पंखाला धडकला. पंखाला भोक पडले. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले. पण ऐन आगीच्या दिवसांत ते काही दिवस जमिनीवर अडकून पडले.

दोन्ही घटनांत एक गोष्ट सारखीच आहे. ड्रोन नजरेआड गेला होता. ज्याच्या हाती दोरी, त्यालाच गुरू कुठे गेले हे ठाऊक नाही, अशी गत!

ड्रोनला डोळे-कान देण्याची खटपट

यावर जगभर खटपट चालू आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. विमानात बसलेला वैमानिक डोळ्यांनी पाहतो आणि वळतो. ड्रोनमध्ये कोणी बसलेले नाही. तेव्हा त्याला स्वतःच विमान ओळखता आले पाहिजे आणि स्वतःच बाजूला होता आले पाहिजे. याचे मुख्य तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग रेडिओचा. अनेक विमानांत ए.डी.एस.-बी. नावाचे यंत्र असते. उपग्रहांवरून आपली जागा ओळखून ते "मी इथे आहे, इतक्या उंचीवर आहे, या दिशेने निघालो आहे" असा पुकारा सतत करत राहते. तो ऐकणारा छोटा ग्राहक आता काही ड्रोनमध्ये बसवलेला असतो. विमान जवळ आले की पडद्यावर इशारा उमटतो. युक्ती उत्तम, पण पुकारा करणाराच नसेल तर ऐकणार काय? खालून उडणाऱ्या प्रत्येक विमानात हे यंत्र असतेच असे नाही, आणि पॅराग्लायडरकडे तर ते बहुधा नसतेच. मध्ये डोंगर आला तरी हा पुकारा अडतो.

दुसरा मार्ग आवाजाचा. आफ्रिकेतील रवांडा देशात २०१६ पासून झिपलाईन नावाची कंपनी ड्रोनने दवाखान्यांना रक्त पोहोचवते. या कंपनीने ड्रोनवर लहान लहान मायक्रोफोनांची रांग बसवली. त्यातील संगणक आधी ड्रोनच्या स्वतःच्या पंख्यांचा आवाज वेगळा काढतो, मग लांबच्या इंजिनाचा आवाज ओळखतो, तो कोणत्या बाजूने येतो हे ठरवतो आणि ड्रोनची वाट बदलतो. सुमारे तीन किलोमीटरपर्यंत चहूबाजूंनी ऐकू शकणारे हे कान आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्याने या व्यवस्थेवर नजरेआड ड्रोन उडवण्यास कंपनीला परवानगी दिली. पण इंजिनच नसलेल्या पॅराग्लायडरचा आवाज हे कान तरी कसा ऐकणार?

तिसरा मार्ग रडार आणि कॅमेऱ्याचा. यात समोरच्याने पुकारा करण्याची किंवा आवाज करण्याची गरज नाही. मात्र लांबचे पाहणारे रडार जड आणि महाग असते, आणि कॅमेरा धुक्यात आंधळा होतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फवारणीचा ड्रोन विकताना "याला रडार आहे, अडथळा दिसला की थांबतो" असे सांगतात. ते खोटे नाही. पण ते रडार काही दहा मीटरांवरचे झाड, विजेचा खांब, पिकाची उंची पाहण्यासाठी असते. सेकंदाला ५५ मीटर वेगाने येणाऱ्या हेलिकॉप्टरपुढे त्याचा काही पाड लागत नाही. बांधावरचा आंबा पाहणारे डोळे वेगळे आणि आकाश पाहणारे डोळे वेगळे.

ही खटपट आपल्याही कामाची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी ड्रोनने लस पोहोचवून पाहण्यात आली. उद्या घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीला पावसाळ्यात सर्पदंशावरची लस अशीच हवेतून यावी, असे कोणाला वाटणार नाही? पण तसा ड्रोन नजरेआड जाणार, दऱ्या ओलांडणार. त्याला विश्वासू डोळे-कान मिळाल्याशिवाय ते काम रोजचे होणार नाही.

तोवर डोळे-कान आपलेच

आणि ते मिळेपर्यंत काय? तोपर्यंत ड्रोनचे डोळे आपले आणि कानही आपलेच. पुढील गोष्टी घरात वाचून दाखवाव्यात आणि बचत गटाच्या बैठकीतही सांगाव्यात.

१. ड्रोन कधीही एकट्याने उडवू नये. एक चालक आणि एक राखणदार. चालकाची नजर ड्रोनवर, राखणदाराची आकाशावर. राखणदाराने घोंगाटापासून वीस-पंचवीस पावले दूर, मोकळ्या जागी उभे राहावे. हाक ऐकू जात नाही, म्हणून हाताची खूण आधीच ठरवावी. हे काम घरातील जाणते माणूस उत्तम करील.

२. ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नये. उसाच्या फडामागे, टेकाडाआड, ओढ्याच्या वळणापलीकडे नको.

३. कामाला लागते तेवढीच उंची ठेवावी. दरीच्या कडेवरून दरीवर ड्रोन सोडू नये.

४. हेलिकॉप्टर किंवा विमानाची चाहूल लागताच, ते कुठून येते याची खात्री करत न बसता, ड्रोन आहे तिथेच सरळ खाली उतरवावा. पिकात उतरला तर चार ताटे मोडतील. ती पुन्हा येतील.

५. अशा वेळी 'घरी परत' हे बटण दाबू नये. हे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ ड्रोन हे बटण दाबल्यावर आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत वर चढतात आणि मग परत फिरतात. म्हणजे ज्याला खाली आणायचे, तोच वर जातो! बॅटरी उतरली किंवा संपर्क तुटला तरी काही ड्रोन आपोआप असेच करतात. म्हणून ही परतीची उंची उडवण्यापूर्वीच पाहून घ्यावी. ती झाडे आणि तारा सुटतील एवढीच ठेवावी.

६. गावात सभा, दौरा, मोठी जत्रा असेल तर आधी पोलीस पाटलांकडे किंवा ठाण्यात विचारावे. हेलिकॉप्टर उतरणार असेल तर त्याचे चित्रीकरण करायला ड्रोन चढवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

७. पूर, दरड, वणवा अशा वेळी खाजगी ड्रोन पेटीतच राहू द्यावा. प्रशासनाने सांगितले तरच काढावा.

आणखी एक गोष्ट. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुमारास पुणे, बीड आणि आसपासच्या ग्रामीण भागांत रात्री ड्रोन फिरतात म्हणून घबराट पसरली होती. रात्री आकाशात दिसणारा प्रत्येक दिवा ड्रोनचा नसतो. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो, आणि ते एका दिशेने सरळ निघून जाते. शंका आली तर पोलिसांना कळवावे. पण दिव्याच्या रोखाने मोठी विजेरी किंवा लेझरचा झोत मारू नये. वर वैमानिक असेल तर त्या झोताने त्याचे डोळे दिपतात.

बंधू-भगिनींनो, बचत गटाचा ड्रोन म्हणजे काही लाखांचे यंत्र. तो मोडला तर नुकसान आहेच. पण पैसा पुन्हा उभा करता येतो. वर हेलिकॉप्टरात बसलेल्या माणसाचे तसे नाही. तो कदाचित पुरात अडकलेल्या एखाद्या बाळंतिणीला आणायला निघालेला असेल, आणि ती बाळंतीण आपल्याच भावकीतली असेल. त्याला आपला ड्रोन दिसत नाही. आपल्याला मात्र तो दिसतो, ऐकू येतो. ज्याला दिसते त्याने वाट द्यावी, हीच आपल्या गाडीवाटेची जुनी रीत आहे. तीच आता वरच्या वाटेलाही लावू या.